गोडनिंबावरचे बहुरूपी

२०१६ साली माझ्या हातून एक चूक छापली गेली. चूक तशी लहानच. आमच्या भागातल्या काही निसर्गप्रेमींनी काढलेल्या पुस्तिकेत माझी दोन पानांची यादी होती: आमगावच्या आमच्या घरामागे मी छायाचित्रित केलेली एकेचाळीस जातींची फुलपाखरे. त्यात चौथ्या क्रमांकावर लिहिले होते, 'कॉमन रोझ. नेहमी दिसते, पावसाळ्यात आणि त्यानंतर विशेष.' शेजारी मीच काढलेले छायाचित्र. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे ठिपके, कडेला लाल चंद्रकोरी, खाली शेपटी. छायाचित्र देखणे होते. फक्त ते कॉमन रोझचे नव्हते.

हे मला कळायला तीन वर्षे लागली. तोवर ती यादी दोन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत उतरली होती. एका शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यावर 'आपल्या तालुक्यातील फुलपाखरे' या मथळ्याखाली तेच छायाचित्र तेच नाव घेऊन लागले होते. चूक एकदा छापली की तिला पाय फुटतात. तिच्यामागे जाताना मी जिथे जिथे पोचले, त्याचा हा वृत्तांत आहे. त्यात अडीचशे वर्षांपूर्वीचा एक स्वीडिश नामकरणकार आहे, शाळा सुटलेले दोन इंग्रज तरुण आहेत, नागपूरच्या अजब बंगल्याचा एक अभिरक्षक आहे आणि आमच्या सांदवाडीतले गोडनिंबाचे झाड आहे.

सांदवाडी

आमच्या झाडीपट्टीत घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. तिथे वाल, दोडका, थोडी वांगी, मिरच्या, लिंबाचे एक झाड, एक बेल आणि कढीपत्ता असतो. कढीपत्त्याला आम्ही गोडनिंब म्हणतो. आमचा गोडनिंब सासऱ्यांनी लावलेला. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. एका राइस मिलमध्ये सव्वीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. धानाची आवक, तांदळाची जावक, कोंडा, चुरी, हमाली. जीवशास्त्र शाळेत दहावीपर्यंत जेवढे होते तेवढेच. २०१३ मध्ये मुलाने एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि मिलला रविवारची सुट्टी असल्यामुळे माझे रविवार सांदवाडीत जाऊ लागले.

फुलपाखराचे छायाचित्र काढणारा नवखा माणूस एकच गोष्ट शोधत असतो: पंख पूर्ण उघडलेले, रंग स्वच्छ, पार्श्वभूमी हिरवी. मीही तेच शोधत होते. घाणेरीवर आलेली ती काळी-लाल फुलपाखरे मध पिताना पुढचे पंख सतत फडफडवत ठेवतात. त्यामुळे दहातली नऊ छायाचित्रे हलतात. ती मी पुसून टाकत असे. जे एक चांगले निघे ते ठेवायचे, पुस्तकातल्या चित्राशी ताडायचे आणि नाव लिहायचे. माझ्याकडे आयझॅक किहिमकर यांचे २००८ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलेले भारतीय फुलपाखरांचे पुस्तक होते. चित्र जुळले, नाव पडले.

२०१९ च्या श्रावणात एका सकाळी तेच 'कॉमन रोझ' गोडनिंबाभोवती घुटमळताना दिसले. फुलाकडे जाईना. कोवळ्या पानाला पाय लावी, पोट वळवी, पुढच्या पानावर जाई. जवळ जाऊन पाहिले तर पानावर मोहरीएवढे फिकट पिवळसर अंडे. पुस्तक उघडले. कॉमन रोझ अंडी घालते ती ईश्वरीच्या वर्गातल्या वेलींवर. गोडनिंबावर ती कधीच अंडी घालणार नाही, कारण तिच्या अळीला ती पाने खाताच येणार नाहीत.

म्हणजे एक तर पुस्तक चूक होते किंवा मी.

अंगाचा रंग

चूक माझी होती. गोडनिंबावर आलेली ती मादी कॉमन मॉरमॉन या जातीची होती. मराठीत तिला 'बहुरूपी' हे नाव आहे आणि ते अगदी चपखल आहे. दारात पोलिसाच्या वेषात उभा राहून घरातल्यांना क्षणभर घाबरवणारा बहुरूपी जुन्या पिढीने पाहिलेला आहे. हे फुलपाखरू तेच करते.

बहुरूपीचा नर साधा असतो: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ. माद्या मात्र तीन प्रकारच्या. एक नरासारखीच दिसणारी. दुसरी हुबेहूब कॉमन रोझसारखी. तिसरी क्रिमसन रोझ या दुसऱ्या जातीसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरे अळीपणी ईश्वरीच्या वर्गातल्या वेली खातात आणि त्या वेलींतले विषारी द्रव्य अंगात साठवतात. पक्ष्याने एकदा त्यांची चव घेतली की पुढे तो त्या रंगाला टाळतो. बहुरूपीची अळी गोडनिंब, लिंबू, बेल यांवर वाढते. तिच्या अंगात ते विष नाही. ती फक्त विषारी फुलपाखराचा पोशाख घालते.

पोशाखात एक जागा मात्र उघडी राहते. कॉमन रोझचे अंग, म्हणजे डोके, छातीच्या बाजू आणि पोट, लाल असते. बहुरूपीचे अंग काळे. ओळखण्याची ही खूण एवढी सोपी आहे. माझ्या जपून ठेवलेल्या छायाचित्रांत पंख स्वच्छ होते आणि अंग बहुतेक वेळा सावलीत किंवा धूसर होते. ज्या हललेल्या, तिरक्या, बाजूने घेतलेल्या छायाचित्रांत अंग दिसले असते ती मी स्वतःच्या हाताने पुसली होती. उरलेल्यांपैकी कॉमन रोझ म्हणून नोंदलेली सतरा छायाचित्रे मी पुन्हा तपासली. अकरांत अंग काळे होते. चारांत काहीच ठरवता येत नव्हते. दोनच खरी कॉमन रोझ निघाली. पुस्तिकेत छापलेले छायाचित्र त्या अकरांपैकी एक.

मिलमध्ये मी नव्या मुलांना एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगत असे. वहीत चूक झाली तर खोडायचे नाही, पान फाडायचे नाही. चुकीची नोंद तशीच राहू द्यायची आणि खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची. हिशेब स्वच्छ दिसण्यापेक्षा तपासता येणे महत्त्वाचे. आणि घरी मी दर रविवारी पाने फाडत होते.

मध्य प्रांताची यादी

त्यानंतर मला प्रश्न पडला की आमच्या मुलखातल्या फुलपाखरांच्या नोंदी माझ्याआधी कुणी ठेवल्या होत्या आणि त्यांनी हे कसे निभावले. सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८८३ च्या सप्टेंबरात आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतले सहा युरोपीय आणि दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. मराठी सामाजिक इतिहासात ही दोन्ही नावे वेगळ्या कारणांनी येतात, पण निसर्गनोंदींच्या इतिहासातही त्यांची जागा आहे. १८८६ पासून या संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि त्यातच १८९०–९१ मध्ये जे. ए. बेथम यांची मध्य प्रांतातील फुलपाखरांवरील लेखमाला आली.

दुसरा टप्पा नागपूरचा. तिथले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचे. नागपूरकर त्याला आजही अजब बंगलाच म्हणतात. तिथले अभिरक्षक ई. ए. डी'अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी संग्रहालयाच्या नोंदमालेचा सातवा अंक म्हणून प्रसिद्ध केली. चाळीस पानांच्या आतबाहेरची ही पुस्तिका. तिच्यात १७७ जाती आहेत. विदर्भातल्या फुलपाखरांवर आज कुणीही लिहिले तरी पहिला संदर्भ डी'अब्रूचाच येतो.

तिसरा टप्पा आपल्या काळातला. २०११ मध्ये डॉ. आशिष टिपले यांनी विदर्भातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली: १६७ जाती, त्यांत १४ विदर्भासाठी नव्या.

१७७ आणि १६७ हे आकडे शेजारी ठेवले की वजाबाकी करण्याचा मोह होतो. ऐंशी वर्षांत दहा जाती गेल्या, असे वाक्य सहज तयार होते, आणि कार्यक्रमात टाळ्याही मिळवते. पण ते चूक आहे. डी'अब्रूचा मध्य प्रांत म्हणजे आजचा विदर्भ नव्हे. त्यात आजच्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग होता, छत्तीसगड होते, सातपुड्याची साल वृक्षांची जंगले होती. आमचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये आम्ही नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. माणसांच्या सीमा इतक्यांदा हलल्या. फुलपाखरांना त्यांची खबर नाही. दोन याद्यांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा नकाशा एक करावा लागतो. मिलच्या भाषेत सांगायचे तर एक आकडा दोन गोदामांचा आहे आणि दुसरा एका गोदामाचा.

या जुन्या याद्यांमागे टाचणीला लावलेले नमुने असत. फुलपाखरू मारून, पंख पसरून, खाली ठिकाण-तारखेची चिठ्ठी लावून ठेवायचे. आज ते आपल्याला क्रूर वाटते आणि घरच्या बागेत हौसेने पाहणाऱ्याला त्याची गरजही नाही. क्रिमसन रोझला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दीर्घकाळ स्थान होते, म्हणजे कागदावर तिला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण. (तिची नक्कल करणाऱ्या बहुरूपीला ते कधी नव्हते. पक्षी फसले, कायदा फसला नाही.) पण त्या टाचणीच्या पद्धतीत एक गुण होता. नाव चुकले तरी नमुना राही. पुढच्या माणसाला तो उलटून, अंगाचा रंग पाहून, चिठ्ठी बदलता येई. छायाचित्राने फुलपाखरू वाचले. मात्र छायाचित्र ठेवणारा माणूस जर फक्त देखणे तेवढेच ठेवत असेल, तर पुढच्याला तपासायला काही उरत नाही.

ट्रॉयचे राजपुत्र

मी एकटीच फसले असते तर हा लेख लिहिला नसता. माझ्या आधी याच फुलपाखराने खुद्द लिनीअसला फसवले होते. प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावे देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिची प्राण्यांपुरती सुरुवात कार्ल लिनीअस याच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. शेपटीवाल्या मोठ्या फुलपाखरांना त्याने होमरच्या काव्यातल्या वीरांची नावे वाटली. त्यात ट्रॉयच्या प्रायाम राजाचे पुत्र आले. क्रिमसन रोझला नाव मिळाले हेक्टर. पांढऱ्या ओळीच्या एका काळ्या फुलपाखराला पॅमॉन. लाल चंद्रकोरींच्या दुसऱ्याला पॉलिटीस. ग्रीक कथेत हे तिघे भाऊ.

पॅमॉन आणि पॉलिटीस या दोन जाती नव्हत्याच. पॅमॉन होता बहुरूपीचा नर आणि पॉलिटीस होती त्याचीच मादी. लिनीअसच्या टेबलावर जहाजांतून आलेले वाळके नमुने होते. गोडनिंबावर कोण अंडी घालते, कोण कुणाशी जुगते, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. त्याने पंख पाहिले आणि नावे दिली. म्हणजे मी २०१६ मध्ये जे केले तेच. पुढे दोन्ही एकच आहेत हे ठरल्यावर त्यांपैकी एकच नाव टिकले: पॅपिलिओ पॉलिटीस. मादीचे नाव सगळ्या जातीचे झाले.

आपल्या राज्याचे फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, याच घराण्यातले. २०१५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्याचे लॅटिन नाव पॉलिम्नेस्टर, तेही ट्रॉयच्या कथेतूनच: प्रायामचा हा जावई. सांदवाडीत एवढे मोठे राजघराणे नांदते, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हते.

शाळा सुटलेले दोघे

दोन जाती एक कशा झाल्या, याची कथा दोन इंग्रज तरुणांपाशी जाते. हेन्री वॉल्टर बेट्स तेरा वर्षांचा असताना शाळा सोडून मोजे-बनियन विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. आल्फ्रेड रसेल वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. तो भावाबरोबर जमीन मोजणीची कामे करत फिरला. १८४४ च्या सुमारास लेस्टर शहरात दोघांची ओळख झाली. एकाने दुसऱ्याला किडे गोळा करायला शिकवले. १८४८ मध्ये दोघे मिळून अॅमेझॉनच्या खोऱ्यात गेले. खर्च नमुने विकून भागवायचा, असा हिशेब. दोघांपैकी कुणीही विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण 'तुमचे यात शिक्षण काय?' हा प्रश्न मलाही अधूनमधून विचारला जातो.

बेट्स अॅमेझॉनमध्ये अकरा वर्षे राहिला. त्याला दिसले की काही रुचकर फुलपाखरे वेगळ्याच कुळातल्या बेचव फुलपाखरांसारखी दिसतात. १८६२ मध्ये त्याने छापून मांडले की ही नक्कल नैसर्गिक निवडीतून घडते: जी थोडीफार बेचवासारखी दिसते ती पक्ष्यापासून वाचते, तिची पिल्ले वाढतात, पिढ्यान्पिढ्या सारखेपणा वाढत जातो. डार्विनचा ग्रंथ येऊन तीनच वर्षे झाली होती. अशा नकलेला आजही बेट्सचेच नाव आहे.

वॉलेस १८५४ ते १८६२ मलाया-इंडोनेशियाच्या बेटांवर होता. परतल्यावर १८६४ मध्ये त्याने लंडनच्या लिनीयन सोसायटीत त्या भागातल्या शेपटीवाल्या फुलपाखरांवर निबंध वाचला. एकाच जातीत एक नर आणि अनेक रूपांच्या माद्या असू शकतात, हे त्याने त्यात ठामपणे मांडले. आपला बहुरूपी हे त्याचे ठळक उदाहरण. नक्कल बहुधा मादीच का करते, यावरही त्याचे म्हणणे साधे होते. मादी अंड्यांनी जड असते, योग्य झाड शोधत संथ उडते, पानापानावर थांबते. तिला धोका अधिक. त्या श्रावणात गोडनिंबाभोवती घुटमळणारी मादी आठवली आणि मला वॉलेसचे म्हणणे पटले.

आठ अंडी

पण पटणे आणि पाहणे यात फरक आहे. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे मिलचे काम कमी होते. जुलैत रोझच्या वेषातली, पण काळ्या अंगाची एक मादी गोडनिंबावर आली. अर्ध्या तासात तिने आठ अंडी घातली. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. ती उडाल्यावर त्या आठ डहाळ्यांना शिवणाचा लाल दोरा बांधला आणि त्याच दिवशी पाने कापून लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवली. तोंडाला मलमलीचा तुकडा.

सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. रोज कोवळी पाने आत जाताना बघून म्हणाल्या, "अळ्याच पाळायच्या होत्या तर यांनी गोडनिंब कशाला लावला? फोडणीला काय घालू, सांग." मी म्हटले, "आई, महिनाभर वरच्या फांद्या अळ्यांच्या, खालच्या तुमच्या." त्यांनी ते मान्य केले, पण रोज सकाळी बरणी उजेडाकडे धरून अळी मोठी झाली का ते आधी त्याच बघत.

लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी. मोठी झाली की एकदम हिरवी होते. डिवचले तर डोक्यामागून लालसर शिंगाडी काढते आणि उग्र वास सोडते. एक अळी मेली, एक कोष काळा पडला. सहा कोषांतून फुलपाखरे निघाली. अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिना.

सहापैकी दोन रोझच्या वेषातल्या माद्या होत्या. चार काळी, पांढऱ्या ओळीची. त्यांतली तीन नर. चौथी मात्र पोटाच्या टोकावरून आणि पंखाच्या कोपऱ्यातल्या लाल चंद्रकोरीवरून मादी ठरली. एका आईची, एका दिवसाची अंडी. तीन वेगळे हिशेब. लिनीअसच्या पॅमॉन आणि पॉलिटीस या दोन्ही 'जाती' माझ्या लोणच्याच्या बरण्यांतून निघाल्या होत्या. सगळ्यांना गोडनिंबाजवळच सोडले. उडून जाण्याआधी प्रत्येकाची छायाचित्रे काढली: वरून, बाजूने, खालून.

हे काम मी प्रथम केले असे मुळीच नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जे. सी. एफ. फ्रायर याने श्रीलंकेत बहुरूपीच्या पिढ्या वाढवून नोंदी केल्या आणि माद्यांची ही रूपे मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांनी चालतात हे दाखवले. नराच्या अंगीही वेषाचा वारसा असतो. तो स्वतः वेष घालत नाही, मुलींना देतो. केंब्रिजच्या आर. सी. पनेट याने १९१५ मध्ये फुलपाखरांच्या नकलेवर जे पुस्तक लिहिले, त्यात या प्रयोगांचा मोठा आधार घेतला. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १६७९ मध्ये, मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईने घरी अळ्या वाढवून, अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचे झाड एकाच चित्रात काढलेले पुस्तक प्रसिद्ध केले होते. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला अळ्या पाहायला गेली. फुलपाखरू त्याच्या झाडासह नोंदवावे, हे तिच्या चित्रांत तेव्हाच होते. तेवढे मी पाळले असते, तर पहिल्याच वर्षी माझी चूक सापडली असती.

एक जनुक

कथेचा शेवटचा धागा पुण्याकडून येतो. नर एक आणि माद्या तीन रूपांच्या हे कसे घडते, याचे उत्तर शंभर वर्षे अर्धेच होते. पंखांचा आकार, रंग, ठिपके हे सगळे एकदम बदलते, अर्धवट वेष कधी दिसत नाही. तेव्हा अनेक जनुके एकमेकांना घट्ट चिकटून एकत्र वारशाने जात असावीत, असा अंदाज होता. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने दाखवले की हे काम प्रामुख्याने एकाच जनुकाकडे आहे. त्याचे नाव 'डबलसेक्स'. कीटकांत नर-मादीचा फरक घडवण्यात ज्याचा वाटा आहे तेच हे जनुक. वेषधारी रूपात गुणसूत्राचा हा तुकडा उलटा बसलेला असतो, त्यामुळे साध्या रूपाशी त्याची सरमिसळ होत नाही. या निबंधाचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे: पुण्यात शिकलेले, आता बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये काम करणारे आणि द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवर २००० साली पुस्तक लिहिलेले.

या शोधाने माझ्या यादीतला प्रश्न मात्र अधिक टोकदार झाला. बेट्सच्या नकलेला एक अट आहे: अस्सल जवळपास हवे. परिसरात विषारी रोझ पुरेशी असली, तरच पक्षी तो रंग टाळायला शिकतो आणि बहुरूपीच्या वेषाला किंमत राहते. अस्सल नाणे चलनातून गेले की खोट्याला कोण विचारणार? माझ्या सतरा छायाचित्रांत दोनच रोझ होत्या. तरी यादीत मी 'नेहमी दिसते' असे लिहून ठेवले होते. समजा रोझ आमच्या भागातून कमी होत गेली असती, तर माझ्या नोंदीने उलटीच ग्वाही दिली असती. नक्कल मोजून अस्सल सुखरूप असल्याचा दाखला.

गावाच्या पूर्वेला एका कुंपणावर ईश्वरीची जुनी वेल होती. माझ्या दोन खऱ्या रोझ छायाचित्रांपैकी एक त्या कुंपणापासून शंभर पावलांवरचे. २०२१ मध्ये कुंपण काढून भिंत बांधली तेव्हा वेल गेली. कुणी मुद्दाम तोडली नाही. ती काय आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. धानाच्या बांध्यांचे धुरे आता तणनाशकाने स्वच्छ ठेवतात, तिथेही अशा वेली तण म्हणूनच जातात. गोडनिंब प्रत्येक घरी असतो, कारण तो फोडणीला लागतो. बहुरूपीला त्याचा आधार आहे. ईश्वरी कुणाच्या फोडणीला लागत नाही. मारुती चितमपल्लींनी नवेगाव बांधच्या रानात राहून आम्हाला झाडा-पाखरांची नावे पुन्हा ऐकायला शिकवले. नाव माहीत असलेली वेल तोडताना हात थोडा तरी थांबतो, असा माझा अनुभव आहे.

दुरुस्तीची नोंद

मी तीन गोष्टी केल्या. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि तक्त्यावरचे नाव मुलांसमोर बदलले. चूक कशी झाली तेही सांगितले. एका सहावीतल्या मुलीने विचारले, "मॅडम, मग पक्षीपण असेच फसतात का?" यापेक्षा चांगले सार मला लिहिता येणार नाही. दुसरे, एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या धुऱ्यावरच्या ईश्वरीचे बी आणून सांदवाडीच्या कुंपणाला लावले. पहिल्या वर्षी उगवले नाही, दुसऱ्या वर्षी दोन वेली आल्या. तिसरे, आता मी एकही छायाचित्र पुसत नाही. हललेले, धूसर, नुसते पोट दिसणारे, सगळे तारखेसह ठेवते आणि फुलपाखरू कोणत्या झाडावर काय करत होते तेही लिहिते. जुन्या छायाचित्रांत 'प्लेन टायगर' म्हणून नोंदलेले एक फुलपाखरू त्यामुळेच डॅनाइड एगफ्लायची मादी निघाले, तेही एक नकलाकारच; शेजारच्या हललेल्या छायाचित्रात ते घोळाच्या भाजीवर बसलेले दिसत होते आणि घोळ हे तिच्या अळीचे खाद्य.

ज्यांच्या घरामागे चार कुंड्या आणि हातात कॅमेऱ्याचा फोन आहे, त्यांना एवढेच सांगते की स्पर्धेला पाठवायचे छायाचित्र आणि नोंदीला ठेवायचे छायाचित्र वेगळे असते. पहिल्यासाठी पंख बघा, दुसऱ्यासाठी अंग आणि झाड.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. खालच्या फांद्यांची पाने आता मी तोडते, वरच्यांना हात लावत नाही. ज्या पुस्तिकेत चूक छापली गेली ती पुन्हा निघाली नाही, म्हणून दुरुस्तीची नोंद इथे करते.

यादीतील क्रमांक ४. 'कॉमन रोझ, नेहमी दिसते' याऐवजी वाचावे: 'कॉमन मॉरमॉन, मादी, रोझच्या वेषात, नेहमी दिसते. कॉमन रोझ: २०१३ ते २०१९ या काळात खात्रीच्या दोनच नोंदी. मूळ छायाचित्रे जपून ठेवली आहेत. कुणालाही तपासता येतील.'